अज्ञात क्रमांक सात

ग्रंथ उघडण्यापूर्वी हात धुणारी माणसे आता विरळ झाली. नगराच्या अभिलेख-कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, त्यांपैकी एक अजून शिल्लक होते. जेवणाचा डबा संपला की ते व्हरांड्याच्या टोकाशी जाऊन साबणाने हात धूत, रुमालाने एकेक बोट कोरडे करीत आणि मग मेजावरचा अकराशे चाळीस पृष्ठांचा ग्रंथ खुणेच्या फितीपाशी उघडीत. हा ग्रंथ धर्माचा नव्हता, वैद्यकाचा नव्हता, काव्याचाही नव्हता. संगणकावर इमारतींचे नकाशे ज्या एका प्रकारच्या फाइलीत साठवतात, त्या फाइलीची अंतर्रचना कशी असावी याचे नियम त्यात दिले होते. कलमे एकूण नऊशे सहा. पोटकलमे कोणी मोजली नव्हती, म्हणजे एकाच माणसाने मोजली होती. कार्यालय त्या ग्रंथाला ‘पोथी’ म्हणे आणि त्या गृहस्थांना ‘कलमबुवा’. दोन्ही नावे थट्टेची होती. पण कलमबुवांनी ती सन्मान म्हणून स्वीकारली होती, आणि सन्मान म्हणून स्वीकारलेल्या थट्टेपुढे थट्टेखोराचे काय चालणार?

या फाइलीचा स्वभाव समजून घेणे अवश्य आहे, कारण पुढचा सारा अनर्थ त्या स्वभावातूनच उद्भवला. साधे पत्र आपण वरून खाली वाचतो. ही फाइल शेवटाकडून वाचावयाची असते. नकाशातील भिंत, दार, जिना, नळ अशा प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो, आणि घर बदलताना बांधलेल्या खोक्यांप्रमाणे या वस्तू फाइलीत कोठेही पडलेल्या असतात. अगदी शेवटी एक सूची असते. ‘दोनशे चौदा क्रमांकाची वस्तू आरंभापासून इतक्या अक्षरांवर आहे,’ असे ती सांगते. वाचणाऱ्या प्रोग्रामने आधी सूची पाहायची आणि मग सांगितलेल्या अक्षरावर नेमकी उडी घ्यायची. ऐकायला हे सुलभ वाटते. परंतु कधी सूची दोन असतात आणि त्या एकमेकींकडे बोट दाखवतात. कधी सूचीच दाबून बांधलेली असते आणि ती कशी सोडवावी हे सांगणारी चिठ्ठी तिच्याच पोटात असते. अशा प्रसंगी पोथी ‘वाचकाने योग्य तो निर्णय घ्यावा’ एवढेच म्हणून पुढच्या कलमाकडे निघून जाते.

“किती गहन आहे पाहा,” कलमबुवा अशा ठिकाणी थांबून म्हणत.

“गहन कसलं हो? लिहिणाऱ्याला जेवायची घाई झाली असेल,” असे उत्तर शेजारच्या मेजावरून येई. तिथे बाहेर जाणाऱ्या टपालाची नोंद ठेवणाऱ्या बाई बसत. त्यांना सगळे जावकताई म्हणत.

एकोणीस वर्षांच्या नोकरीत कलमबुवांनी तीन मोठे प्रोग्राम लिहिले होते. पहिला पूर्ण झाला त्याच आठवड्यात तो ज्या यंत्रासाठी होता ते यंत्र भंगारात गेले. दुसऱ्याला मंजुरी मिळाली, पण मंजुरीचा कागद सापडेना. आणि अभिलेख-कार्यालयात हरवलेला कागद शोधणे म्हणजे समुद्रात पाण्याचा विशिष्ट थेंब शोधणे. तिसरा हातातोंडाशी आला असता वरून कळले की बाजारातला तयार प्रोग्राम घेतला आहे. उरलेल्या वेळात ते छपाईयंत्रात अडकलेले कागद ओढून काढीत. त्या विद्येत त्यांचा हातखंडा होता, आणि बहुतेकांना त्यांची आठवण त्याच वेळी होई. आपल्या हातची एक तरी गोष्ट कोणाच्या तरी रोजच्या वापरात असावी, एवढी एकच वासना त्या निरिच्छ पुरुषाच्या अंतःकरणात उरली होती. ती त्यांनी पत्नीखेरीज कोणालाही सांगितली नव्हती.

चौथी संधी आली ती तळघरातल्या जुन्या यंत्रामुळे. ते वर्षअखेर बंद व्हायचे होते, आणि त्यातले दोन लाख एकतीस हजार नकाशे नव्या यंत्राला वाचता यायला हवे होते. जुन्या यंत्रावर ते नकाशे बिनतक्रार दिसत. पण त्यातला वाचणारा प्रोग्राम ज्यांनी केला ती मंडळी पांगली होती, आणि त्याच्या आत डोकावण्याची सोय नव्हती. नवा प्रोग्राम लिहिण्यासाठी कार्यालयाच्या प्रमुखांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, कलमबुवांना आठ महिने दिले.

त्यांनी तो पोथीबरहुकूम लिहिला. प्रत्येक ओळीशेजारी कलमाचा आधार दिला. प्रोग्राम इतका शुद्ध झाला की त्याला अशुद्ध काही वाचवेना. नियमभंग दिसला की पडद्यावर अक्षरे उमटत: ‘कलम ४१२, पोटकलम ३ चा भंग. दस्तऐवज अग्राह्य.’ दोन लाख एकतीस हजारांपैकी दोन लाख पाच हजार दस्तऐवज अग्राह्य ठरले.

याचा अर्थ कलमबुवांच्या ठायी क्षमा नव्हती असा नाही. क्षमेला त्यांनी विधी घालून दिला होता, इतकेच. त्यांच्या खणात लाल पुठ्ठ्याची एक अपराध-वही होती. सदोष फाइली निर्माण करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची नोंद तीत होई: कर्त्याचे नाव, अपराध, अपराधाचे कारण आणि शेरा. नाव आणि कारण ही दोन्ही सदरे भरली गेली म्हणजेच त्या अपराध्यापुरती सवलत प्रोग्राममध्ये लिहिली जाई. सहा अपराधी अशा रीतीने क्षमा पावले होते. एक कंपनी सूचीच्या शेवटी पूर्णविराम देत नसे. तिला पत्र गेले, ‘शाई वाचवण्याची जुनी सवय’ असे उत्तर आले, सवलत मिळाली. सातव्याचा मात्र ठावठिकाणा लागेना. दोन लाख पाच हजार फाइली एकट्या त्याच्या होत्या.

अज्ञात क्रमांक सातचा अपराध असा. पहिल्या अक्षराचा क्रमांक शून्य समजावा, असे कलम चारशे बारा स्वच्छ सांगते. हा गृहस्थ पहिल्या अक्षराला एक म्हणत होता. त्यामुळे त्याच्या सूचीवर विसंबून घेतलेली प्रत्येक उडी एक अक्षर पुढे पडे, वस्तूच्या क्रमांकाचा पहिला आकडा मागे राही आणि दोनशे चौदाची नुसती चौदा होई. दोनशे चौदा म्हणजे जिना, चौदा म्हणजे पाण्याची टाकी. एका तीन मजली प्रसूतिगृहात वर जाण्यासाठी टाकी आणि पाणी साठवण्यासाठी जिना, अशी व्यवस्था पडद्यावर दिसल्यावर कलमबुवांनी डोळे मिटून घेतले होते.

शेऱ्याच्या सदरात पहिल्या महिन्यात त्यांनी ‘अनवधान’ लिहिले. दुसऱ्या महिन्यात ते ‘अज्ञान’ झाले, तिसऱ्यात ‘घोर अज्ञान’. पुढे सदर पुरेना. ‘यास शून्य शिकविणारे गुरुजी कोण?’, ‘हा मनुष्य घड्याळ कसे पाहात असेल?’, ‘अशा हातांत कुदळ शोभली असती, तीही बोथट’ अशी चार पाने भरली. चहाच्या वेळी जावकताई ती वही मोठ्याने वाचून दाखवीत आणि सारा मजला तृप्त होई.

अपराध्याने फाइलीत आपले नाव लिहिलेच नव्हते. ती जागा कोरी होती. मागे ठेवला होता तो केवळ एक अंक. प्रत्येक कर्त्याने आपल्या आवडीचे आठ आकडे ओळख म्हणून लिहावेत असे पोथी सांगते. अज्ञात सातच्या प्रत्येक फाइलीत ते सारखेच होते: १७०५११४२. कलमबुवांनी त्यांचे अवयव पाडले, उलटे वाचले, वर्ग केला, मूळ काढले. शेवटी चौदा पानांचे टिपण लिहून त्यांनी असा सिद्धान्त मांडला की ही एखाद्या परकीय संस्थेची गूढ मुद्रा असावी.

सोमवारी मोठ्या बाईंनी बोलावले.

“किती उघडले?”

“सव्वीस हजार, बाई.”

“आणि बाकीचे?”

“अग्राह्य.”

“म्हणजे बिघडलेत?”

“बिघडलेले नाहीत. पातकी आहेत.”

बाईंनी चष्मा काढून ठेवला. “अहो, मी वाचणारा मागितला होता. तुम्ही न्यायाधीश करून ठेवलाय. ताई म्हणतात, एक वजा केलं की सगळे उघडतात. खरं का?”

“उघडतील. पण का वजा करायचं ते कळल्याशिवाय वजा करायचं? हे अंदाजपंचे झालं, बाई. आज एकाला सोडलं, उद्या कोणी सतरापासून मोजील.”

“शनिवारी अकरा वाजता मला सगळे नकाशे उघडून दाखवा. नाही तर बाहेरच्या कंपनीचा प्रोग्राम घेते. त्यांचा माणूस रोज फोन करून माझी तब्येत विचारतोय. तुमचं काम मग कपाटात. समजलं?”

समजले होते. त्या कपाटात आधीचे तीन होतेच.

कलमबुवांच्या पत्नीचे औषधांचे दुकान होते. सत्तावीस वैद्यांची सत्तावीस हस्ताक्षरे त्या रोज वाचीत, आणि एकाही वैद्याला अग्राह्य ठरवण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी यजमानांनी बशीखाली ठेवलेला कागद त्यांनी ओढून घेतला.

“बशी ठेवायला हाच कागद सापडला? काय आहे हे?”

“अज्ञात सात.”

“अजून हाती लागला नाही का मेला?” त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. “सतरा पाच, अकरा बेचाळीस.”

“तसं नाही वाचायचं. तो अखंड अंक आहे. एक कोटी सत्तर लाख...”

“अहो, हे आपलं लग्न आहे.”

कलमबुवांचा पेला ओठांशी थबकला.

“सतरा मे. नोंदणी-कार्यालयात साडेअकराची वेळ होती आणि सही झाली अकरा बेचाळीसला. बारा मिनिटं तुम्ही त्या फॉर्मच्या पाठीमागची बारीक अक्षरं वाचत उभे होतात. बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दादा माझ्या कानात म्हणाला, ‘अगं, अजून पळायला वेळ आहे.’ आणि तो शिक्केवाला साडेअकरा लिहायला लागला, तर तुम्ही त्याचा हात धरलात. ‘अकरा बेचाळीस लिहा, नाही तर दस्तऐवज खोटा होईल.’ विसरेन होय मी?”

“योगायोग असेल.”

“माझ्या लग्नाची मिनिटं आणखी कोणाला ठाऊक? दादाला? त्याला संगणक चालू करायला शेजारी लागतो. दरवर्षी सतरा मे विसरता, आणि इथे दोन लाख वेळा लिहून ठेवलाय! काखेत कळसा नि गावाला वळसा.”

मग हळूहळू कलमबुवांच्या स्मरणाची सूची उघडू लागली. लग्नानंतरचा महिना. ही नोकरी लागण्याआधी, दुसऱ्या इमारतीतल्या नकाशा-विभागात पंधरा दिवसांचे हंगामी काम. हाताने काढलेल्या नकाशांच्या फाइली बनवणारा एक लहानसा प्रोग्राम हवा होता. पोथी तेव्हा कोणाकडेच नव्हती; कोणीतरी तिच्या अकरा पानांच्या छायाप्रती दिल्या होत्या, आणि चारशे बारावे कलम त्या अकरा पानांत नव्हते. तेव्हा तेवीस वर्षांच्या तरुणाने जगातली सगळी माणसे बोटांवर मोजतात तसे एकपासून मोजले. नाव लिहिणे हा अहंकार, म्हणून नावाची जागा कोरी सोडली. आठ आकड्यांच्या ठिकाणी मात्र, त्या दिवसांत मनात दुसरे काही नसल्यामुळे, जे होते ते लिहिले.

“वहीत चार पानं शिव्या आहेत,” ते म्हणाले.

“कोणाला?”

“मला.”

पत्नीला हसू आवरेना. पेला खाली ठेवावा लागला. “मला विचारायचंत. चारच पानांत कसं भागवलंत?” हसता हसता त्या थांबल्या, आणि निराळ्या स्वरात म्हणाल्या, “अहो, पण म्हणजे तुमचा प्रोग्राम वापरात होता.”

हे कलमबुवांच्या ध्यानातच आले नव्हते.

त्या दिवशी जावकताईंनी नकाशा-विभागाच्या जुन्या नोंदवह्या काढल्या. धूळ झटकून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले: ‘एक प्रोग्राम, प्रायोगिक. मुदत पंधरा दिवस.’ खाली तोच शिक्का पुनःपुन्हा उमटलेला होता: ‘मुदतवाढ’. ताईंनी मोजून पाहिले. अकरा शिक्के, वर्षाला एक.

“बुवा, अकरा वर्षं मुदतवाढ! आपल्या इथे पंख्यालासुद्धा नाही मिळत हो.” मग आवाज खाली आणून, “वहीची ती चार पानं फाडून टाकू का? मी कोणाला सांगणार नाही. मला तशी पाठच आहेत.”

“पानं राहू द्या. लिहिलेलं खोडणारं कलम नाही.”

ज्या विधीने सहा परक्यांना क्षमा मिळाली होती, त्याच विधीने सातव्याला मिळणे भाग होते. त्यांनी नावाच्या सदरात स्वतःचे पूर्ण नाव लिहिले, पदनामासह. कारणाच्या सदरात लिहिले: ‘चारशे बारावे कलम पाहिले नव्हते. विचारलेही नाही.’ त्यानंतर प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: आठ आकडे १७०५११४२ असतील तर एक वजा करावा. आठ महिने अडलेले काम त्या ओळीने चार मिनिटांत सुटले. शुक्रवारी तिन्हीसांजेपर्यंत एकूण एक नकाशे उघडले. प्रसूतिगृहाचा जिना जिन्याच्या जागी आला आणि टाकी गच्चीवर चढली.

शनिवारी मोठ्या बाईंनी वीस-पंचवीस नकाशे उघडून पाहिले, मान डोलावली आणि मग लाल वही मागितली. त्यांनी ती शांतपणे वाचली. चार पाने संपवून नावाच्या सदराकडे वळल्यावर त्यांनी एकदा कलमबुवांकडे आणि एकदा पुन्हा नावाकडे पाहिले. कलमबुवा शिक्षेच्या तयारीने उभे होते. तिचा मसुदाही त्यांनी मनात केला होता.

“एकपासून मोजलेले किती म्हणालात?”

“दोन लाख पाच हजार.”

“आणि शून्यापासून?”

“सव्वीस हजार.”

“मग यापुढे नवे नकाशेही एकपासूनच मोजा. कार्यालयात एकवाक्यता पाहिजे. परिपत्रक काढू. मसुदा तुम्हीच करा, कलमांच्या भाषेची सवय तुम्हाला आहे.”

“बाई, ती चूक आहे!”

“एका कागदात असते ती चूक. दोन लाख कागदांत असते तिला पद्धत म्हणतात.”

“पण पोथीत...”

“पोथी लिहिणारे काय आभाळातून पडले? त्यांनीही कुठेतरी कोणाचे तरी दोन लाख कागद पाहिले असतील.” बाईंनी घड्याळाकडे पाहिले. “कंपनीचा माणूस खाली बसलाय. त्याला वर बोलावू, का चहा पाजून परत पाठवू? तुम्ही सांगा.”

कलमबुवांनी आयुष्यात बहुधा प्रथमच एखाद्या प्रश्नाला कलमाचा आधार न देता उत्तर दिले. “चहा पाजा,” ते म्हणाले.

मसुदा करायला त्यांना तासभर लागला. भाषा निर्दोष होती. शेवटी त्यांनी प्रामाणिकपणे एक वाक्य जोडले: ‘हा नियम एका हंगामी नोकराला एक पान न मिळाल्यामुळे करण्यात येत आहे.’ बाईंनी ते वाक्य तांबड्या रेघेने खोडले.

“कलमाला कारण जोडायचं नसतं हो. कारण दिलं की लोक विचार करायला लागतात. मग कोण पाळणार?”

आपल्या मेजावर परतल्यावर कलमबुवांनी पोथी उघडली, पण कोणतेही विशिष्ट कलम शोधले नाही. नुसती पाने चाळली. नऊशे सहा कलमे, आणि एकाच्याही शेजारी कारण नव्हते. इतकी वर्षे त्या मौनाला ते गांभीर्य समजत आले होते. आता त्यांना प्रत्येक कलमाच्या जागी कोणीतरी दिसू लागले: कोणाला पान मिळाले नव्हते, कोणाचे नुकतेच लग्न झाले होते, कोणाला वरिष्ठाने चहा आणि कपाट यांत निवड करायला सांगितले होते. त्यांचा आदर कमी झाला असे म्हणता येणार नाही. तो ग्रंथावरून उठून माणसांवर जाऊन बसला, आणि माणसांवर बसलेला आदर जरा अवघडलेला असतो.

सोमवारी ते तळमजल्यावर गेले. नागरिकांच्या खिडकीत कारकून बसला होता आणि पलीकडे पिशवी घेतलेली एक बाई. स्वयंपाकघराला खिडकी पाडायची होती, त्यासाठी मूळ नकाशा हवा होता. कारकुनाने क्रमांक टंकला. तीन सेकंदांत नकाशा उघडला.

“हाच का तुमचा?”

“हो, हाच. हा इथे जिना, आणि हे स्वयंपाकघर.”

“झालं. दोन दिवसांनी प्रत न्या. पुढचे या.”

बाई पिशवी सावरीत निघून गेल्या. पडद्याकडे दुसऱ्यांदा कोणी पाहिले नाही. कारकुनाचे लक्ष भिंतीला टेकून उभ्या असलेल्या कलमबुवांकडे गेले.

“बुवा, रांगेत आहात का?”

“नाही, नुसता बघतोय.”

“काय बघताय?”

“काही नाही. चालू द्या.”

“मग जरा बाजूला उभे राहा ना. लोकांना वाट द्या.”

कलमबुवा बाजूला झाले. आणखी चार नकाशे उघडेपर्यंत ते तिथेच उभे होते.